मालिकेसाठी जमवलेला बँड : 'मंकीज' नेमके कशामुळे बुडाले?

रेडिओवेडा
परवा लेकीबरोबर 'श्रेक' बघत बसलो होतो. शेवटी सगळे नाचतात ते 'आय अ‍ॅम अ बिलीव्हर' लागलं आणि ती उठून नाचायलाच लागली. हे गाणं श्रेकचं नाही, त्याच्याही ३५ वर्षं आधीचं आहे असं सांगितलं तर विचारते, "मग कुणाचं?" 'मंकीज' या अमेरिकन बँडचं, म्हटलं, आणि हे कोण ते सांगायला बसलो तर रात्रीचे साडेबारा वाजले. म्हणून हा धागा.

सप्टेंबर १९६५ मध्ये हॉलिवूडच्या सिनेधंद्याच्या वर्तमानपत्रांत एक जाहिरात आली. नव्या टीव्ही मालिकेसाठी १७ ते २१ वयाची चार 'वेडी' पोरं हवीत, गाता-वाजवता येणारी. ४३७ जण आले. बॉब राफेलसन आणि बर्ट श्नायडर हे निर्माते. त्यांनी चौघं निवडले : मँचेस्टरचा डेव्ही जोन्स, ब्रॉडवेच्या रंगभूमीवर गाजलेला, मिकी डोलेन्झ, लहानपणी सर्कशीवरच्या एका मालिकेत नायक होता, माइक नेस्मिथ, टेक्ससचा, ऑडिशनला लोकरीची टोपी घालून आला आणि ती टोपी जन्माची चिकटली, आणि पीटर टॉर्क, न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या कॅफेंत गिटार-बँजो वाजवून पोट भरणारा. मालिकेत हे चौघं एका घरात राहणारा, कामासाठी वणवण करणारा फाटका बँड. १२ सप्टेंबर १९६६ ला ती एनबीसीवर सुरू झाली.

गाणी मात्र बाहेरून यायची. संगीताचा कारभार डॉन कर्शनर या माणसाकडे. तो नील डायमंड, कॅरोल किंग आणि गेरी गॉफिन, बॉइस आणि हार्ट अशा लोकांकडून गाणी घ्यायचा, वाजवायला स्टुडिओतले कसलेले वादक बसवायचा, आणि या चौघांनी यायचं, गायचं, जायचं. पहिले दोन अल्बम मिळून सलग ३१ आठवडे अमेरिकेत खपाच्या यादीत पहिल्या नंबरवर होते! दीड वर्षात मालिका बंद झाली आणि १९७० संपता संपता बँडही.

माझं मत सांगतो. "आमचं आम्ही वाजवणार" असा हट्ट चौघांनी धरला, तिथेच बँड बुडाला. कर्शनरच्या हातात सगळं राहू दिलं असतं तर आणखी पाच वर्षं आरामात गेली असती. तुम्हाला काय वाटतं?

अबोली
मस्त धागा. लेकीला आता मूळ गाणं ऐकवा. मिकीच्या आवाजात एक हसरेपणा आहे, नव्या गाण्यात तो नाही.

कट्टेकरी
हट्ट म्हणू नका हो. दुसरा अल्बम कसा निघाला ते बघा. हे चौघं जानेवारी १९६७ मध्ये दौऱ्यावर होते. अल्बम बाजारात आल्याचं त्यांना तिथे कळलं, आणि दुकानातून विकत आणून ऐकावा लागला. स्वतःचा अल्बम! वर कव्हरवरचा फोटो कपड्यांच्या एका जाहिरातीसाठी काढलेला. कुठली गाणी घेतली, कुठली गाळली, कुणी विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या रेकॉर्डिंगच्या वेळी पीटर बिचारा वाद्य घेऊन स्टुडिओत पोचला, तर तिथल्या लोकांना कळेना हा कशाला आलाय. वाजवणारे आधीच बसले होते. चौघांत सगळ्यांत जास्त वाद्यं येणारा हाच, आणि त्यालाच दारातून परत धाडला.

मग बेव्हर्ली हिल्सच्या हॉटेलातली ती बैठक. मानाच्या सोनेरी तबकड्या, मोठ्या रकमेचे चेक, सगळं समोर मांडलेलं. नेस्मिथ म्हणाला, आम्हाला वाजवू द्या, नाहीतर मी चाललो. वकिलाने करार वाचून बघायला सांगितलं. नेस्मिथने भिंतीवर असा गुद्दा मारला की भिंतीला भोक पडलं, आणि हे तुझं तोंड असू शकलं असतं असं त्याला बजावलं. महिन्याभरात कर्शनरलाच जावं लागलं, कारण त्याने कॅनडात परवानगी नसलेलं गाणं मागच्या बाजूला घालून तबकडी काढली.

याला मी हट्ट म्हणणार नाही. नावावर खपणाऱ्या मालात आपला हात असावा, एवढंच मागणं होतं ते.

मोरपीस
मला एक प्रामाणिक प्रश्न पडलाय. लोक एवढे चिडले कशाला? आपण प्लेबॅकच्या देशातली माणसं. पडद्यावर नट गिटार हातात धरतो, गातो दुसरा, वाजवतो तिसरा, आणि आपण तिघांवरही जीव टाकतो. मिकीला ड्रम येत नव्हते म्हणून त्याला 'खोटा' ठरवलं, हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही. तो तर स्वतःच्या गळ्याने गात होता.

तंबोरा
मोरपीस, मुद्दा मोलाचा आहे, पण आपल्याकडे पाटीवर नाव असतं. 'संगीत मानापमान' १९११ साली आलं तेव्हा पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या हे प्रेक्षकाला ठाऊक होतं. 'स्वयंवर' भास्करबुवा बखल्यांचं. बालगंधर्व गात, चाल दुसऱ्याची असे, ऑर्गन-तबल्याची साथ रंगमंचासमोर सगळ्यांना दिसत असे. त्यात कुणी कुणाला फसवलं नाही. उलट बुवांची चाल गंधर्वांच्या गळ्यातून कशी उतरते हे ऐकायला लोक बैलगाड्या जुंपून येत.

मंकीजच्या बाबतीत तबकडीवर चौघांचे हसरे चेहरे, आणि वाजवणारे पडद्याआड. श्रेय झाकलं, चूक तिथे झाली. चौघांचा त्यात काय दोष? पण शिव्या त्यांनी खाल्ल्या.

नाणेघाट
तंबोराकाका, +१. त्यात आणखी एक अन्याय असा की तेव्हा सगळेच ते करत होते. द बर्ड्सचं १९६५ चं पहिलं गाजलेलं गाणं घ्या, त्यात बँडमधला फक्त रॉजर मॅग्विन वाजवतोय, बाकी सगळे स्टुडिओतले वादक. त्यांना कुणी 'बनावट' म्हटलं नाही. मंकीजना म्हटलं, कारण नेस्मिथने पेपरवाल्यांना स्वतःहून खरं सांगून टाकलं. खरं बोलला तो फासावर.

निवृत्तीची_दुपार
मला या गाण्यांतलं काही कळत नाही, पण नेस्मिथ नाव वाचलं आणि खुर्चीत ताठ बसले. त्याची आई बेट नेस्मिथ ग्रॅहम. खोडायचं पांढरं द्रव्य, लिक्विड पेपर, तिने शोधलं!

मी ३१ वर्षं टायपिस्ट होते. सुरुवातीला स्टेन्सिल कापायचो, चूक झाली की लाल करेक्शन फ्लुइडचा बारीक ब्रश अक्षरावर फिरवायचा, फुंकर मारायची, वाळेपर्यंत हात वर धरून बसायचं, मग त्याच जागी नेमकं अक्षर पाडायचं. कागदावरची चूक मात्र लपायची नाही. खोडरबर घासला की कागद झिरझिरीत व्हायचा आणि साहेब तो उजेडासमोर धरून बघायचे. पांढरी बाटली टेबलावर आली त्या दिवशी आम्ही चौघीजणींनी आळीपाळीने ती हातात घेऊन बघितली होती.

ही बाई डॅलसच्या बँकेत सेक्रेटरी, एकटीने मुलाला वाढवणारी. घरच्या मिक्सरमध्ये पांढरा रंग घोटून ते बनवायची. छोटा माइक आणि त्याचे मित्र बाटल्या भरायला मदत करायचे. १९७९ मध्ये कंपनी ४ कोटी ७५ लाख डॉलरला विकली गेली, आणि पुढच्याच वर्षी ती गेली. आईने काय कष्ट उपसले ते बघत वाढलेला मुलगा "सही कर आणि गप्प बस" ऐकून घेईल होय?

अबोली
दुपारताई, किती सुंदर लिहिलंत. लाल फ्लुइडचा वास आला नाकाला. माझी आईसुद्धा असंच फुंकर मारत बसायची.

भूपाळी
डेव्ही जोन्सचा एक किस्सा. ९ फेब्रुवारी १९६४, एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेला दिसले ती रात्र. त्याच कार्यक्रमात डेव्ही आपल्या नाटकातलं गाणं म्हणायला आला होता. बाजूला उभा राहून त्याने पोरींचा तो आरडाओरडा पाहिला आणि ठरवलं, हे आपल्यालाही पाहिजे. अडीच वर्षांत मिळालं.

टपरीवरचा
आणि डेव्ही जोन्स हे नाव आधीच गाजल्यामुळे दुसऱ्या एका डेव्हिड जोन्सला आडनाव बदलावं लागलं. तो पुढचा गाजलेला गायक डेव्हिड बोवी झाला. एका नावात दोघांचं भलं.

चिवडा
१९६७ मध्ये मंकीजचे रेकॉर्ड बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स दोघांचे मिळून जितके खपले त्यापेक्षा जास्त खपले. एवढा बँड 'बुडाला' कसा म्हणता?

कट्टेकरी
चिवडा, हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण ते नेस्मिथनेच एका पत्रकाराला थाप म्हणून सांगितलं होतं. पुढे त्याने स्वतः कबूल केलं. खरा आकडाही कमी नाही : १९६७ या एका वर्षात त्यांचे चार अल्बम पहिल्या नंबरवर होते. थापेची गरजच नव्हती.

चिवडा
अरे बापरे. मी हे वीस वर्षं लोकांना सांगत आलोय. धन्यवाद, उद्यापासून खरा आकडा सांगतो.

टपरीवरचा
जुलै १९६७ च्या दौऱ्यात मंकीजच्या आधी कोण वाजवायचं माहितीये? जिमी हेंड्रिक्स! मिकीला तो इतका आवडला की आग्रहाने घेतला. समोर दहा-बारा वर्षांच्या मुली. हेंड्रिक्स जीव तोडून गिटार वाजवतोय आणि त्या ओरडतायत, "डेव्ही! डेव्ही!" थोड्याच कार्यक्रमांनंतर तो निघून गेला. आमरसाच्या पंगतीत कुणीतरी ठेचा वाढला की अशीच गत.

मोरपीस
ठेचा जबरदस्त होता पण!

मडगावकार
आमच्या घरातली गोष्ट सांगतो. माझा काका १९६७ मध्ये मडगावात लग्नांत वाजवायचा. ओपिनियन पोलचं वर्ष ते, गोवा महाराष्ट्रात जाणार की नाही यावर घराघरांत भांडणं. आमच्या घरातही दोन तट. पण संध्याकाळी दोन्ही तटांची पोरं एकाच पडवीत तालमीला बसायची.

शेजारचा एकजण बोटीवर होता, त्याने मंकीजचा पहिला अल्बम आणला. काका 'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल'च्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा बसवायला बसला. स्वरलिपी नाही, शिकवणारा नाही. सुई उचलायची, दोन बोटं मागे ठेवायची, चार सूर ऐकायचे, परत उचलायची. त्या जागी तबकडी पांढरी पडली होती. ती अजून आजीच्या कपाटात आहे, लावली की तेवढ्या जागी खरखरते. लग्नात तो तुकडा वाजला की लोक जेवण टाकून नाचायला उठायचे, असं काका अजून सांगतो.

आम्हाला मालिका वगैरे काही माहीत नव्हती. गोव्यात टीव्ही कुठला! फक्त गाणी. आणि गाणी चालली.

रेडिओवेडा
मडगावकार, हे वाचून अंगावर काटा आला. आणि माझ्याच मताविरुद्ध एक पुरावा मिळाला. टीव्ही नसतानाही गाणी चालली, म्हणजे गाण्यांत दम होता. पण ती गाणी कर्शनरच्या काळातली! तोच तर माझा मुद्दा आहे.

कट्टेकरी
मग कर्शनर गेल्यानंतरचं बघू. तो गेला फेब्रुवारी १९६७ मध्ये. त्या वसंतात चौघं स्टुडिओत बसले आणि 'हेडक्वार्टर्स' बनवला, जवळजवळ सगळं स्वतः वाजवून. मिकी मालिकेसाठी ड्रम शिकला होता, अजून हात बसत होता. काही जागी ताल डगमगतो, ऐकताना कळतं. मला तो डगमग फार आवडतो, कारण पहिल्यांदाच कोणीतरी खोलीत आहे असं वाटतं. आठवडाभर तो अल्बम पहिल्या नंबरवर होता, मग बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला. त्यानंतर कितीतरी आठवडे हे दुसऱ्या नंबरवर. त्या उन्हाळ्यात बीटल्सच्या मागे दुसरं असणं याला मी बुडणं म्हणत नाही.

पुढचं 'प्लेझंट व्हॅली संडे' तिसऱ्या नंबरपर्यंत. त्यात गिटार नेस्मिथची, पियानो टॉर्कचा. आणि 'डेड्रीम बिलीव्हर' डिसेंबर १९६७ मध्ये चार आठवडे पहिलं. त्याची पियानोची सुरुवात आठवा. ती टॉर्कनेच बसवली, ज्याला दारातून परत पाठवलं होतं त्याने. हे सगळं 'हट्टा'नंतरचं आहे.

नाणेघाट
उतरण कधी लागली ते नंबरांतच दिसतं. १९६८ च्या सुरुवातीला 'व्हॅलेरी' तिसऱ्या नंबरवर. मार्चमध्ये मालिका बंद. त्यानंतरचं पहिलं गाणं 'डी. डब्ल्यू. वॉशबर्न' १९ व्या नंबरवर अडकलं. वर्षअखेरीस 'पॉरपॉइज साँग' थेट ६२. दर सोमवारी घराघरांत फुकट जाहिरात व्हायची, ती थांबली. मालिका बंद का झाली? चौघांना तोच तोच साचा नको होता, तिसऱ्या वर्षी वेगळ्या धर्तीचा कार्यक्रम हवा होता. वाहिनीने सरळ बंदच केली. याच मालिकेला १९६७ मध्ये सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला होता, बरं का.

अबोली
आणि 'हेड' हा सिनेमा? तो राहिलाच.

नाणेघाट
हो, नोव्हेंबर १९६८. राफेलसनचं दिग्दर्शन, लेखनात जॅक निकल्सन. त्यात चौघं स्वतःचीच प्रतिमा फोडून काढतात. लहान मुलींना काही कळलं नाही, आणि मोठी माणसं 'मंकीज' हे नाव बघून थिएटरात गेलीच नाहीत. साफ पडला. टॉर्क त्याच वर्षाच्या शेवटी बाहेर पडला, नेस्मिथ १९७० मध्ये. त्या काळातला शेवटचा अल्बम फक्त मिकी आणि डेव्हीचा.

मंकीजच्या पैशावर उभ्या राहिलेल्या राफेलसन-श्नायडरच्या कंपनीने १९६९ मध्ये 'ईझी रायडर' हा सिनेमा काढला आणि हॉलिवूड बदललं. या चौघांना मात्र सुरुवातीला आठवड्याला ४५० डॉलर मिळत होते. मला हे वाचून वाईट वाटतं.

ह्यूस्टनवासी
आमच्याकडे हेच सगळं स्पॅनिशमध्ये झालं! मेक्सिकोच्या 'रेबेल्दे' मालिकेतला आरबीडी हा बँड. मालिका २००४ ते २००६, सहा कलाकार, आणि बँड डिसेंबर २००८ मध्ये माद्रिदला शेवटचा कार्यक्रम करून मोडला. माझ्या सुनेचं माहेर मोंतेरेचं. २०२३ मध्ये हे लोक पुन्हा एकत्र आले, सहातले पाच, अल्फोन्सो एरेरा आला नाही. सून शाळेतला लाल टाय शोधून काढून, इस्त्री करून कार्यक्रमाला गेली. मालिकेत तसाच गणवेश होता. ३४ वर्षांची बाई, दोन मुलांची आई, आणि परत आली तेव्हा घसा बसलेला, टाय ओला. रडून रडून. मी तिला आल्याचा चहा करून दिला.

शेवंती
ह्यूस्टनकाकू, आपल्याकडे स्टार वनवर 'रीमिक्स' लागायची ती त्याच घराण्यातली. मूळ अर्जेंटिनाची 'रेबेल्दे वे', तिथून २००४ मध्येच एकीकडे मेक्सिकोची 'रेबेल्दे' आणि दुसरीकडे आपली 'रीमिक्स'. मी तेव्हा आठवीत, सांगलीत. क्लास बुडवून मैत्रिणीकडे बघायचे. त्यातही मुलांचा बँड होता. पण आपल्याकडे तो मालिकेबाहेर आरबीडीसारखा मोठा झाला नाही. मला वाटतं सिनेमाच्या गाण्यांनी इतकी जागा व्यापलेली की टीव्हीवरच्या पोरांना उभं राहायला फळीच नव्हती.

मोरपीस
शेवंती, 'रीमिक्स'!! मी पण आठवीत. आपण भेटायला हवं.

तंबोरा
कर्शनरचं पुढे काय झालं, हे कुणी लिहिलं नाही. मंकीजकडून हाकलल्यावर त्याने 'आर्चीज' हाती घेतला, म्हणजे कार्टूनमधला बँड. १९६९ मध्ये 'शुगर, शुगर' पहिल्या नंबरवर गेलं. कागदावर काढलेली माणसं भिंतीवर गुद्दे मारत नाहीत. रेडिओवेडा, तुम्ही म्हणता तसा कर्शनरच्या हातात राहिलेला बँड कसा असतो, त्याचं हे उत्तर आहे. गाणं गोड आहे, माझ्या नातवंडांना आवडतं. पण त्या बँडमधला कोण वारला म्हणून कुणाच्या घरात दिवा लागत नाही.

वाळवंटातून
मी लॉस एंजेलिसला असतो. १४ नोव्हेंबर २०२१, ग्रीक थिएटर, मिकी आणि माइकचा निरोपाचा कार्यक्रम, मी होतो तिथे. डेव्ही २०१२ मध्ये गेलेला, पीटर २०१९ मध्ये. माइकचं २०१८ मध्ये हृदयाचं मोठं ऑपरेशन झालेलं, खूप थकलेला दिसत होता. ७८ वर्षांचा माणूस. काही ओळींना आवाज पुरत नव्हता. मिकी प्रत्येक गाण्याआधी त्याच्याकडे बघायचा, आहेस ना, अशा नजरेने. माझ्या शेजारी साठीपुढच्या दोन बहिणी होत्या, १९६७ च्या दौऱ्यात लहानपणी गेलेल्या. डेव्हीचं गाणं आलं तेव्हा त्यांनी एकमेकींचा हात धरला.

२६ दिवसांनी, १० डिसेंबरला माइक गेला.

रेडिओवेडा
दोन दिवस हा धागा परत परत वाचतोय. माझं पहिलं मत मी अर्धं मागे घेतो. हट्टाने बुडाले नाहीत, कट्टेकरी आणि नाणेघाट यांनी ते पुराव्यानिशी दाखवलं. टीव्ही थांबला, मुली मोठ्या झाल्या, आणि मोठ्या लोकांनी दार उघडलं नाही. पण उरलेलं अर्धं ठेवतो : १९६८ नंतर चौघं चार दिशांना आपापली गाणी करायला लागले, आणि त्यांतलं चांगलं-वाईट निवडणारा कान कुणाकडे नव्हता. तो कान कर्शनरकडे होता. माणूस म्हणून कसाही असो.

कट्टेकरी
हे मान्य. एवढ्यावर आपला तह.

मडगावकार
काल काकाला फोन केला. ८१ वर्षांचा आहे, कानाला यंत्र. त्याला सांगितलं की क्लार्क्सव्हिलच्या सुरुवातीचा तो गिटारचा तुकडा चौघांपैकी कुणीच वाजवलेला नाही, लुई शेल्टन नावाच्या स्टुडिओतल्या वादकाने वाजवलाय. मला वाटलं, एवढी वर्षं टोपीवाल्याच्या नावाने वाजवला, आता वाईट वाटेल.

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "थांब, चष्मा लावतो. नाव परत सांग, हळू." आणि लिहून घेतलं. नंतर काकीने फोन घेतला, म्हणाली, तो कपाटातून ती तबकडी काढून पाकिटावर पेन्सिलने काहीतरी लिहितोय.